नवरीचं पहिलं कुंकू

आमच्या घरी कुंकू तयार व्हायचं. आम्ही मुसलमान, घरात ते लावणारं कुणी नाही. पण हिंगोलीपासून नरसीच्या जत्रेपर्यंत बायकांच्या कपाळावर रंग आमच्याच ओसरीवरचा. हळदीचे तुकडे लिंबाचा रस, तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात मुरवायचे, सावलीत वाळवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे. पिवळ्याचं लाल कसं होतं ते आजोबांनी अब्बांना शिकवलं, अब्बांनी मला. माझे तळहात कायम लाल. मैत्रिणी चिडवायच्या, "हिचं तं रोजच लगीन!"

गावात एक रीत होती. मुलीचं लग्न ठरलं की तिची आई आमच्याकडे येऊन नवरीचं पहिलं कुंकू घेऊन जायची. त्याचे पैसे अब्बा घेत नसत. पण तिथी धरल्याशिवाय ते देतही नसत. ठेवलेल्या कुंकवाचा रंग उतरतो म्हणायचे, आणि घाई करणाऱ्या भल्याभल्या बायांना त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

निजामाचं राज्य बुडालं त्या भाद्रपदात आमची ओसरी ओस पडली. नवरात्र तोंडावर आलं तरी कुणी फिरकेना. आधी हिंदूंवर जुलूम झाला होता, आता त्याचा सूड आपल्यावर उगवणार, असं बाजारातून येणारे हळू आवाजात सांगत. जवळा बाजारच्या रस्त्याने आपली माणसं बोचकी घेऊन जाताना दिसायची. परत येताना कुणी दिसलं नाही.

अम्माला निघायचं होतं. अब्बा हटून बसले होते. "आपलं कुंकू लावणारे आपल्याला काय करतील?" म्हणायचे आणि पुन्हा हळद भिजत घालायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. रागाच्या खाली नुसती भीती होती.

अशात एका दुपारी शेजारची मावशी आली. कडेवर तिची धाकटी, नुकती रांगायला लागलेली. मावशी बसली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, नवरीचं कुंकू द्या."

इतक्या दिवसांनी कुणी आलं म्हणून अब्बा खुलले. "कोनाचं लगीन काढलं?"

"या पोरीचं."

अब्बा मोठ्याने हसले. "आताच काहून? तवर रंग उतरून जाईन की. लगीन ठरलं की ताजं देतो ना."

"उतरू द्या रंग," मावशी म्हणाली. "तुमच्याच हातचं पायजे. आजच द्या."

अब्बा हसायचे थांबले. त्यांनी डबी काठोकाठ भरली, फडक्यात बांधली आणि मावशीच्या हातात दिली. पोरगी फडक्याच्या गाठीशी खेळत होती. मावशीने एकदा अम्माकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावून झपाझप निघून गेली.

अब्बा उठले. भिजत घातलेली हळद त्यांनी परसात नेऊन ओतली आणि अम्माला म्हणाले, "सामान बांध."