मोठे डाक्टर कुडपणला आले नाहीत

आम्ही दोघेही डॉक्टर नव्हतो. देवीची लस टोचणारे सरकारी नोकर होतो. महाडला राहायचो आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या गावांतून फिरायचो. पण गावोगावची माणसं माझ्याहून वडील असलेल्या माझ्या जोडीदाराला ‘मोठे डाक्टर’ आणि मला ‘धाकटे डाक्टर’ म्हणत. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करायला जायचो. तेव्हा ते म्हणाले, “अरे, फुकट मिळतंय ते घे की. पगार तर वाढत नाही.” पुढे मीही त्यांना मोठे डाक्टरच म्हणू लागलो, आधी थट्टेने आणि मग सवयीने.

ते गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. सकाळी चहा पिऊन कपडे करायला उठले आणि सदऱ्याची एक बाही घालून दुसरी घालताना खाली बसले. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सावित्रीच्या काठावर मी लाकडं रचायला मदत केली, ओली लाकडं बाजूला काढली, कोणाला तरी प्यायला पाणी आणून दिलं. एक जण म्हणाला, “तुम्ही फार धीराचे.” धीर वगैरे काही नव्हता. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला होता आणि तो कुठे शिवून मिळेल, एवढंच डोक्यात होतं. घरी येऊन अंघोळ केली आणि मला चक्क झोप लागली. ज्याने मला माणसात आणलं तो माणूस गेल्यावर मी घोरत पडलो, असं बायकोने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यांनी मला टोचायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. ते कोणीही शिकवलं असतं. त्यांनी दारात उभं राहायला शिकवलं. गावात शिरलं की ते पिशवी उघडायचेच नाहीत. कोणाच्या तरी ओट्यावर बसायचे, तपकीर ओढायचे, नाचणी कशी आली, म्हैस व्याली का, सून माहेराहून आली का, अशा चौकशा सुरू. मी चुळबुळत बसायचो. मग कधीतरी पोरं आपणहून जवळ यायची आणि त्यांच्यामागून आया यायच्या. “हात पोराचा धरायचा, पण बोलायचं आईशी,” असं ते सांगत. मुक्कामाला कुठे राहिलो की पत्त्यांत मेंढीकोट खेळायचे आणि राजरोस लबाडी करायचे. पकडलं की म्हणायचे, “तुझं लक्ष आहे की नाही ते बघत होतो.” मला त्यांचा रागही खूप यायचा.

त्यांचा एक नियम होता. सुई घेऊन जाताना मयताची बातमी बरोबर न्यायची नाही. एकदा दासगावच्या बाजूला एका वाडीत आमच्याबरोबरचा शिपाई सहज बोलून गेला की अमक्या गावचा तमका गेला, ज्याला आपण मागे टोचलं होतं तो. बिचारा झाडावरून पडून गेला होता. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. दुपारपर्यंत दारं बंद झाली आणि बाया पोरं घेऊन रानात गेल्या. त्या वाडीत पुढे देवी आल्या. काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

मोठे डाक्टर गेले तेव्हा डोंगरापलीकडच्या खोऱ्यात देवीची साथ होती आणि कुडपणची फेरी ठरलेली होती. कुडपण उंच पठारावर. तिथे सरकारी माणसाला कोणी विचारत नसे. तिथली पोरं बाहेर आणली जायची ती फक्त त्यांच्या शब्दाखातर. आता मी एकटा जाऊन काय सांगणार होतो? टोचणाराच गेला, हे कळलं तर एकही दार उघडणार नव्हतं. आणि साथ कोणासाठी थांबणार नव्हती. चढ चढताना मी वाक्य घोकत होतो: त्यांना बरं नाही, पुढच्या खेपेला येतील. त्यांच्याबद्दल असं बोलताना आवाज बदलेल की काय, अशी धास्ती होती.

ते वाक्य मला वापरावंच लागलं नाही. कोणी काही विचारलंच नाही. आम्ही नेहमी ज्यांच्या ओट्यावर बसायचो त्या घरच्या काकींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बसा, पोरांना हाका मारतंय.” पोरं आली. मागच्या वेळी कणगीमागे लपलेलीसुद्धा आली. आया मुकाट्याने बाह्या वर करत होत्या. मी एकेक दंड टोचत होतो. आतून संताप येत होता. इतकी वर्षं ज्याने या चढावर वहाणा झिजवल्या, त्याची साधी चौकशी नाही. माणसं मेली की नाही हे विचारायलासुद्धा यांना सवड नाही, असं मी मनाशी म्हणालो. निघताना काकींनी वरीच्या तांदळाची पुरचुंडी हातात दिली, “वयनींना द्या.” मोठ्या डाक्टरांच्या बायकोसाठी दर खेपेला अशी पुरचुंडी द्यायची ही नेहमीचीच रीत होती, म्हणून मी घेतली.

दुसऱ्या दिवशी पुरचुंडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली, तांदळातून बोटं फिरवली आणि पुन्हा एकदा तळापर्यंत फिरवली.

“भावोजी, कुडपणला सांगितलंत?”

“नाही. एक अक्षर बोललो नाही.”

“त्यांना माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “दर वेळी तांदळात हळदकुंकवाची पुडी असते. या वेळी नाही घातली.”

त्यांनी गाठ पुन्हा बांधली आणि पुरचुंडी मांडीवर ठेवली. मी समोरच्या खुंटीकडे बघत बसलो. कुडपणकरांना मनात दिलेल्या शिव्या मला एकेक आठवत होत्या. लाज वाटायला हवी होती, पण तीही नीट वाटेना.

टोचल्यानंतर आठवड्याने फोड धरलाय का ते बघायला परत जावं लागतं. मी गेलो. पोरांचे दंड पाहिले. सगळ्यांचे फोड चांगले भरले होते. पोरं पांगली तेव्हा ओट्यावर काकी आणि मी दोघंच उरलो. मी विचारलं, “काकी, तुम्हाला कधी कळलं?”

“तुमी येयाच्या आदीच. आमचा माणूस म्हाडच्या बाजाराला गेलावता.”

“मग पोरं कशी आणलीत?”

“त्यांना बोल दिलावता आमी. पोरं काडू म्हनून.” त्या चुलीकडे गेल्या आणि नाचणीची भाकरी घेऊन आल्या. “अन् तुमाला सांगवत नव्हतं, ता दिसत व्हतं. म्हनून कोनाला इचारू नाय दिलं.”

म्हणजे त्या दिवशी सगळं गाव माझ्यासमोर गप्प बसलं होतं. मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते मला लपवू देत होते. मी भाकरी हातात घेतली, पण तुकडा मोडेना.

काकी जवळ बसल्या. त्या मला नेहमी डाक्टर म्हणायच्या, तेव्हा म्हणाल्या नाहीत.

“आता रड बाबा,” त्या म्हणाल्या. “पोरांचा झाला सगला.”

मी प्रयत्न केला. रडू आलं नाही. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्याच रडू लागल्या.