दरफळणीच्या दिवशी वाजवलेलं दार

माह्या लहानग्या पोट्टीच्या नाकात सरकी गेली अन् मी शेजारच्या लावलेल्या दारावर थापा मारून राहिली होती. म्हशीसाठी भिजू घातलेली सरकी वट्यावर सांडली होती. मी पाठ फिरवली अन् तिनं एक बी घातली नाकात. श्वास घेतला का ती अजून वर जाय. पोट्टीचं रडणंच बंद झालं, म्हणून मी जास्त भेली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कापसाले असा भाव आला होता का आमच्यासारख्या माळ्याईनंही वांगी उपटून कापूस लावला होता. बोंडं फुटली अन् बायामाणसं सारे येचनीले गेले. अकोल्याच्या बाजारात वैद्य होता, पण तठीलोक इतक्या दूर पळू कशी? राहिली शेजारीण मावशी. कोकणातली. शनवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्याईच्या जातीले शनवार तेली म्हणत. नवरा कापसाच्या पेढीवर कामाले, म्हणून इकडं आलेले. गल्लीतली बाळंतपणं तीच करे.

पण तो दिवस त्याईच्या दरफळणीचा, दार लावून घ्यायच्या सणाचा. मले माहीत होतं. आदल्या दुपारीच ती सांगून गेली होती.

"आज दिवस मावळला की दार लावून घेणार गो आम्ही, ते उद्या सांजेपर्यंत. कडक उपास. बाहेरच्याशी बोलायचं नाही, शिवायचं नाही."

"काहून वो मावशी? चोरी केली का काय?"

"केलीच असेल वर्षभरात काहीबाही," ती हसली. "त्याचीच माफी मागायची. वरचं, देवाचं दार उघडं असतं त्या दिवशी. म्हणून खालचं लावायचं, म्हणजे ध्यान तिकडंच राहतं. सांजेला वरचं मिटतं."

मले लय नवल वाटलं. आमच्यात सणाले दार सताड उघडं, तोरण, रांगोळी. अन् हे लावून घेतात! ते वरचं दार कसं असंल, त्याले कडी असंल का, भाकरी थापतानाही मी तोच इचार करत होती.

अन् आता पोट्टीले वाचवा वो म्हणत तेच दार ठोकत होती. आत प्रार्थना चालू होती, ती थांबली. मावशीच्या नवऱ्याचा आवाज आला, "उघडू नको. वैद्याकडं जाऊ दे तिला."

मी वरडली, "मावशी, पोट्टीच्या नाकात सरकी गेली वो!"

कडी वाजली. मावशी पांढऱ्या लुगड्यात, ओठ सुकलेले. काही इचारलं नाही. पोट्टीले मांडीवर आडवी घेतली, मोकळी नाकपुडी बोटानं दाबली, तोंडाले तोंड लावून फुंकर मारली. मंग अजून जोरानं. सरकी शेंबडासंगं तिच्या लुगड्यावर पडली अन् पोट्टीनं गळा काढला. मी तिले उचलून छातीशी धरली.

पाया पडाले वाकली तं ती मागं सरली. "जा आता." दार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याईचा शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करतात, एकामेकाच्या घरी जातात. मावशी पोट्टीले पाहाले आली. मी इचारलं, "पांढरं काहून नेसता?"

"मेल्यावर नेसवतात तेच ते. जितेपणीच नेसलं की माणूस खोटं बोलत नाही."

"मंग तुमचं काल मोडलं का वो?"

तिनं पोट्टीले मांडीवर घेतलं. "घरातले म्हणतात, मोडलं. मधेच उठलीस, वरचं दार तुझ्यापुरतं मिटलं. आमच्या गावी धर्म शिकवायला कोचीनचे एक गुरुजी यायचे, ते सांगायचे, जीव वाचवायला सगळं चालतं. कोणाचं खरं, मला नाही कळत गो. तुझी पोर रडली तेव्हा बरं वाटलं, एवढंच कळतं."

पोट्टी आता पळते. मावशीचा नवरा अजूनही मले पाहून तोंड फिरवते. तिची वर्षाची माफी माह्या हातानं अडली का, हे कोणी सांगत नाही. वैद्याकडं पळाली असती तं वाटंतच काही झालं असतं. बायांनो, तुमच्या कडेवर असं लेकरू असतं अन् समोर तसं लावलेलं दार, तं तुमी वाजवलं असतं का? अन् आतमधी तुमी असत्या तं?