गाळा काकूंचा, सही कुणाची?

धोरण मंजूर व्हायला वर्षं लागतात, किस्सा मात्र जेवणाच्या सुट्टीत मंजूर होतो. त्यामुळे आमच्या ऑफिसात धोरणं मोजकी आणि किस्से ढीगभर. हैदराबादेत धंदा करणाऱ्या बायकांना कुठले नियम आडवे येतात ते शोधायचं आणि ते बदलावेत म्हणून सरकारला मसुदे लिहून द्यायचे, हे आमचं काम. कृष्णवेणी मॅडम आमच्या प्रमुख. खलीलभाई सरकारी नोकरीतून रिटायर होऊन आलेले, फायलींची नस ओळखणारे. आणि मी, लग्न होऊन पुण्याहून इथं आलेली. यातले निम्मे किस्से आमच्या नल्लकुंट्यातल्या शेजारीण सुमनकाकूंचे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

काकू कडक भाकऱ्या करून विकतात. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. हाताखाली चार बायका आहेत आणि गिऱ्हाईक पार सिकंदराबादपर्यंत.

* * *

सुलतान बाजारातल्या एका हॉलमध्ये आम्ही महिला उद्योजकांची बैठक घेतली. विषय होता, ‘आपल्या अडचणी, आपल्या शब्दांत’. आम्ही पोचलो तर पुढची अख्खी रांग पुरुषांनी भरलेली. सगळे नवरे. बायकांना सोडायला आले होते, ते बसलेच.

मॅडमनी विचारलं, “लोन घेताना काय त्रास होतो?” एक नवरा उठून बोलला. “माल विकताना?” दुसरा उठला. मॅडमचा चेहरा हळूहळू बदलायला लागला.

तेवढ्यात मागून सुमनकाकू उभ्या राहिल्या. “मॅडम, पहिली अडचण पुढच्या लायनीत बसलीय.”

हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? पुढच्याच रांगेतले दत्तूकाका, म्हणजे काकूंचे यजमान. खलीलभाईंनी संधी साधली. “चलो भाईसाब, आपकी मीटिंग नीचे है. समोसे के साथ.” रांग रिकामी झाली आणि बैठक सुरू झाली.

* * *

शहराबाहेर बायकांच्या उद्योगांसाठी गाळे निघाले. काकूंना गाळा हवाच होता. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि वरच्या मजल्यावरचे लोक धुराच्या नावानं रोज भांडत होते. अर्ज आणला तर त्यात एक अट, ‘पती किंवा वडिलांची संमतीदर्शक सही’.

दत्तूकाका एका पायावर तयार. काकू म्हणाल्या, “नक्को.”

मी म्हटलं, “काकू, सही तर करायचीय. काका नाही थोडेच म्हणतायत?”

“हौ, ते नाही म्हणत नाहीत. पण उद्या ते नाही म्हणाले असते तर? माझा गाळा त्यांच्या हो म्हणण्यावर का ठेवायलेत हे लोक? ती लाईन काढा, मग भरते अर्ज.”

अर्जाची मुदत ठरलेली. ती टळली की गाळा दुसऱ्याला. काकूंनी तो कोरा अर्ज देवघरात ठेवला आणि मला रोज जिन्यात गाठून विचारायला लागल्या, “निघाली का लाईन?” मी जिना सोडून लिफ्टनं जायला लागले. मग त्या लिफ्टपाशी उभ्या राहायला लागल्या.

* * *

घरात धंदा करणाऱ्या बायकांना जागा किती अपुरी पडते, हे गाळे देणाऱ्या खात्याच्या साहेबांनी डोळ्यांनी बघावं असं मॅडमना वाटलं. सुमनकाकूंचं घर निवडलं आणि त्यांना आदल्या दिवशी निरोप दिला. चूक तीच झाली.

मोठे साहेब घरी येणार म्हटल्यावर कुठली मराठी बाई घर तसंच ठेवील? काकूंनी शेगड्या शेजारी हलवल्या, ज्वारीची पोती गच्चीत चढवली, चारही बायकांना सुट्टी दिली. दारात रांगोळी, दिवाणावर नवी चादर. साहेबांना शेंगदाण्याची चटणी, झुणका आणि भाकरी असं जेवायलाच बसवलं.

साहेबांनी तृप्त मनानं शेरा लिहिला, ‘जागा ऐसपैस व स्वच्छ आहे. गाळ्याची आवश्यकता दिसत नाही.’

मॅडमनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी काकूंना न सांगता-सवरता साहेबांना परत नेलं. या खेपेला साहेब दारातून आत शिरले आणि पोतं व शेगडी यांच्यामध्ये असे अडकले की त्यांना मागंही वळता येईना. शेरा तिथंच, उभ्या उभ्या बदलला गेला.

* * *

त्या सहीच्या अटीवर शेवटी मीटिंग लागली. अट कुणी घातली, कधी घातली, कुणालाच माहीत नाही. खलीलभाई म्हणाले, “बहुत पुरानी है, साब. मेरे से बी पुरानी.”

साहेब म्हणाले, “बायकांच्या संरक्षणासाठी असेल.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “छान. मग पुरुषांचंही संरक्षण करू. यापुढे कारखाना काढणाऱ्या प्रत्येक पुरुषानं बायकोची सही आणावी.”

साहेब विचारात पडले. बहुधा त्यांना स्वतःचं घर आठवलं. म्हणाले, “मग राज्यात एकही कारखाना उघडणार नाही, मॅडम.”

अट काढायची शिफारस त्याच दुपारी वर गेली.

* * *

शिफारस वर गेली ती वरच राहिली. मुदत जवळ येत चालली आणि एके दिवशी दत्तूकाका एकटेच ऑफिसात आले. काका रेल्वेत गार्ड होते, अजून खिशात शिट्टी असल्यासारखे ताठ चालतात. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच विचारलं, “माझ्या सहीत असं काय वाईट आहे गं?”

मी म्हटलं, “काका, सहीत काही वाईट नाही. अटीत आहे.”

“ते मला बी पटलंय. मीटिंगीत ती बोलली तेव्हा हसलो ना मी?” त्यांनी कप बशीत ठेवला. “मी झेंडा दाखवल्याबिगर गाडी हलायची नाही. गाडी काय माझी नव्हती. पण दाखवायला बरं वाटायचं.”

मला त्यांचं फार वाईट वाटलं. खलीलभाईंनी न विचारता त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

* * *

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी आदेश निघाला. अट रद्द. मी जिना चढून काकूंकडं धावले. काकूंनी बातमी ऐकली, देवघरातला अर्ज काढला आणि मला म्हणाल्या, “बस, आधी भाकरी खा.”

दुसऱ्या दिवशी गाळ्यांच्या ऑफिसात आम्ही तिघंही हजर होतो. काकू आल्या त्या काठाची साडी नेसून. मागं दत्तूकाका, इस्त्रीचा शर्ट घालून, ताजी दाढी करून. काकूंनी अर्ज खिडकीत दिला. क्लार्कनं तपासला, संमतीच्या सहीचा रकाना रेघ मारून खोडला, शिक्का मारला, पावती फाडली. झालं.

काकू म्हणाल्या, “थांबा. ह्यांची सही राहिली.”

क्लार्क म्हणाला, “अम्मा, अब नहीं लगती. आजपासून नवा नियम आहे.”

“माहीत आहे. मीच काढायला लावलाय.”

“मग यांना का आणलं?”

काकूंनी मागं वळून काकांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “लागत होती तोवर आणली नाही. आता लागत नाही, म्हणून आणली.”

क्लार्क गोंधळला. “पण सहीचा रकानाच नाही राहिला. करणार कुठं?”

कृष्णवेणी मॅडम पुढं झाल्या. त्यांनी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.