वीज गेल्यावरचं व्याख्यान
देवास गेटजवळच्या वेल्डिंगच्या दुकानांतून तापलेल्या लोखंडाचा वास आला, की मला मुलीचं ते व्याख्यान आठवतं. माधव नगरच्या सभागृहात ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्रावर आणि त्यांच्याकडून येणाऱ्या एक्स-रेंवर बोलत होती आणि मधेच वीज गेली. पडद्यावरची चित्रं गेली, पंखे थांबले, लोक उठायला लागले. तेवढ्यात आमच्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "बेटा, चुंबक तर लोखंड ओढतं, त्यातून एक्स-रे कसा निघणार?" मुलगी मंचावरून खाली उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, हा तारा आपल्या उज्जैनएवढाच, पण सूर्याहून जड. शेजारच्या ताऱ्याचा वायू तो स्वतःकडे खेचतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र इतकं जबरदस्त, की त्या वायूला भलतीकडे पडू देत नाही, वळवून थेट ध्रुवांवर आणतं. तिथे तो इतक्या जोरात आदळतो, की कोट्यवधी अंश तापतो. लोखंड तापलं की लाल दिसतं ना? एवढं तापलेलं काही असलं, की त्यातून एक्स-रे निघतात." मावशी म्हणाल्या, "मतलब, कुठे पडायचं ते चुंबक ठरवतं, आणि एक्स-रे आदळण्यातून निघतात." "बिलकुल," ती म्हणाली. उठलेली माणसं त्या उकाड्यात परत बसली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "किसकी लड़की है?" बँकेची परीक्षा दे म्हणून वर्षभर तिच्या मागे लागलेली माझी बायको वळून म्हणाली, "हमारी." मी तेव्हा नुसती मान डोलावली. आता मात्र कुणी न विचारताही सांगतो.