त्रिशूळाखालचा रेनकोट

“ज्याला घाई आहे त्यानं मागं यावं,” असं सरोजताई रोज सकाळी निघताना सांगतात. भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या फिरणाऱ्या मंडळींत सगळ्यांत हळू चालणारा माणूस पुढे असतो आणि ताई स्वतः सगळ्यांच्या शेवटी. सुरुवातीला मला हे मुळीच पटलं नव्हतं. मी पांढुर्ण्याकडचा, मुलाच्या नोकरीपायी भोपाळात आलेला. माझे पाय सातपुड्यानं घडवलेले. मी कशाला कुणाच्या मागं रेंगाळू?

ताईंचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. ताई इथेच जन्मल्या, इथल्याच एका कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झाल्या. एकट्या राहतात. दर जानेवारीत आम्हा म्हाताऱ्यांना तीन दिवस पचमढीला डोंगर चालायला नेतात.

यंदा माझ्याबरोबर त्रिशूळ होता. गेल्या वर्षी सून ऋतुजा बाळंतपणात फार अडली. दवाखान्याच्या बाकावर बसून मी पचमढीजवळच्या चौरागडावरच्या महादेवाला नवस बोललो, दोघांना सुखरूप घरी येऊ दे, तुला त्रिशूळ वाहीन. आणि पायथ्यापासून तुझ्यापुढे ठेवीपर्यंत तो जमिनीला टेकू देणार नाही. त्रिशूळ वाहायची चाल आमच्याकडे जुनी आहे. न टेकवण्याची भर माझी. महादेवानं दोघींना घरी पाठवलं. नातीचं नाव श्रुती ठेवलं, आणि मी लोहाराकडून माणसाच्या उंचीचा, नऊ किलोंचा त्रिशूळ घडवून घेतला.

सकाळी चौरागड चढायला निघालो तेव्हा ऊन होतं. अर्ध्यावर पायऱ्या लागल्या आणि दरीतून ढग वर आला. आधी झाडं गेली, मग पुढच्याची पाठ गेली. थंडीतला पाऊस सुयांसारखा टोचतो, तसा टोचू लागला. तेवढ्यात समोरच्या कड्यावर वीज चमकली.

“दादा, तुम्ही त्रिशूळ आणलाय का विजेचा खांब?” बँकेतून निवृत्त झालेले जितेंद्र ओरडले. “आमच्यापासून लांब चला जरा.”

कुणी हसलं नाही. वाटेच्या खाली तीसेक पावलांवर खडकाची खोल कपार होती. ताईंनी सगळ्यांना तिकडे पाठवलं आणि माझ्याजवळ आल्या.

“भाऊ, खाली ठेवा तो.”

“नाही ठेवता येत, ताई. बोललोय मी.”

“महादेवाला काय, दिसत नाही का हे?”

“दिसतं. म्हणूनच नाही ठेवत. टेकला आणि पोरीला काही झालं तर?”

साठी उलटलेला माणूस मी, त्या धुक्यात लोखंड खांद्याला आवळून लहान पोरासारखा उभा होतो. पुन्हा वीज झाली. या वेळी आवाज लगेच आला, पायाखालची पायरी हलल्यासारखी वाटली.

ताईंनी मला समजावलं नाही. मनातली भीती खुळी आहे, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी अंगातला रेनकोट काढला, चार घड्या केल्या आणि वाटेकडेच्या सपाट खडकावर अंथरला.

“यावर ठेवा. म्हणजे जमिनीला टेकला नाही. चला आता लौकर, मला भिजवू नका.”

मी त्रिशूळ रेनकोटवर आडवा ठेवला. टोकं बाहेर राहत होती. ताईंनी गळ्यातला मफलर काढून टोकांखाली सारला. मग आम्ही कपारीकडे पळालो.

तासभर तिथे बसलो. ताईंच्या स्वेटरमधून पाणी निथळत होतं. जितेंद्रनी आपली शाल त्यांना दिली, मी फुटाणे दिले. त्यांचे दात वाजत होते तरी त्या विचारत होत्या, पोरगी रांगते का, रात्री झोपू देते का, कुणावर गेली आहे.

“आजोबांवर गेली असेल तर कठीण आहे,” जितेंद्र म्हणाले. “कुणाचं ऐकायची नाही.”

आकाश निवळलं तेव्हा मी म्हणालो, “ताई, तुम्ही इथूनच परत फिरा. मी एकटा जाऊन येतो.”

“भिजले मी आणि महादेव बघणार तुम्ही? वा.”

गारठ्यानं त्यांचे गुडघे आखडले होते. त्या दिवशी सगळ्यांत हळू त्याच होत्या, म्हणून सगळ्यांच्या पुढे त्या चालल्या. मी मागं, त्रिशूळ पुन्हा खांद्यावर. त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत त्या पायऱ्या मी चढलो, आणि हळू चालणं कशाला म्हणतात ते मला या वयात कळलं. वर हजारो त्रिशूळ ओले चमकत होते. त्यांत माझा ठेवला. मोकळ्या खांद्यानं वळलो, तर ताई मफलर पिळत होत्या.

तिसऱ्या दिवशी भोपाळला उतरलो तेव्हा संध्याकाळ होती. ताईंना घरापर्यंत सोडतो म्हटलं, तर म्हणाल्या, “आधी पोरगी दाखवा.” ऋतुजा श्रुतीला घेऊन फाटकात आली आणि बाळ पुढे केलं. ताई दोन पावलं मागं सरल्या.

“नको, नको. सर्दी झालीय मला. लांबूनच बघते.”

लांबूनच पुरतं बघितलं. बाळानं जांभई दिली, तेवढ्यावर खूश झाल्या. मग पिशवी खांद्याला लावली, दोनदा शिंकल्या आणि कॉलनीच्या रस्त्यानं आपल्या घराकडे निघाल्या. मी हात जोडले होते, ते त्यांनी पाहिले नाहीत. ऋतुजा बाळाला कडेवर घेऊन, वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत फाटकात उभी राहिली.