गिरणीच्या तळ्यातला गाळ

गणपती बोळवून परत येताना तळ्यातली मूठभर माती पाटावर घालून घरी आणायची, ही आमच्या चाळीतली पद्धत. त्याने घरात बरकत राहते म्हणे. बाकीचे ती माती तांदळाच्या डब्यापाशी ठेवतात, माझी आई तुळशीच्या कुंडीत घालते आणि रोज सकाळी त्या तुळशीचं एक पान खाते. तळं लालबागच्या बंद पडलेल्या गिरणीतलं. गाळ तपासणं हीच माझी नोकरी असल्यामुळे त्या तळ्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला आधी आईची कुंडी आठवली.

कामाचं कारण शेजारचा टॉवर. तिथल्या मंडळींनी 'लेक व्ह्यू' म्हणून घरं घेतली आणि तो व्ह्यू त्यांना वासासकट मिळाला. तळ्यात विष कुणी घातलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. शक्यतो स्वतःला सोडून.

विसर्जनाचा पिंपांचा तराफा मंडळाने दिला. त्यावर उभं राहून आम्ही गाळात लांब पाईप ठोकला आणि आतल्या थरांसकट वर ओढला. जुना थर खाली, नवा वर. आम्ही घामाने निथळत होतो, पण काठावर निकाल आधीच लागला होता. टॉवरचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मूर्तींचेच रंग असणार, डेफिनेटली." मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आपला बाप्पा शाडूचा असतो. तुम्ही गिरणीचं बघा." त्यांचा बाप्पा डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी चमकत असतो, पण श्रद्धेपुढे डोळ्यांचं काय चालणार!

घरी बाबा वाटच बघत होते. त्यांची सगळी हयात त्याच गिरणीच्या रंगखात्यात गेली. "गिरणीन पोट भरल्यान आमचा," ते म्हणाले. "इख नाय घातल्यान."

"मग रंगाचं पाणी जायचं कुठे?"

"गटारात."

"आणि गटार?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निकाल आला, तो सगळ्यांचा मान राखणारा होता. अगदी तळाशी स्वच्छ चिकणमाती. मधल्या थरांत क्रोमियम, कपडा रंगवायच्या रसायनांतलं. त्यावर शिसं, मूर्तींच्या रंगांचे नमुने घेऊन ताडून पाहिलं, तर तंतोतंत जुळलं. आणि सर्वांत वर डिझेल, टॉवरच्या जनरेटरमधून झिरपलेलं. एवढी एकजूट लालबागने संपानंतर पाहिली नसेल. अहवाल मिळाल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापाचं पान तेवढं व्हॉट्सॲपवर फिरवलं.

कुंडीतली माती मात्र मी कुणाला न सांगता तपासली. विसर्जनाच्या वेळी काठाजवळ माणसं पायांनी गाळ ढवळतात, त्यामुळे हाताला सगळेच थर येतात. कुंडीत शिसं होतं, क्रोमियमही होतं. पानात किती उतरलं, ते अजून तपासायचं होतं. मी आईला सगळं सांगितलं, आता पान खाऊ नकोस म्हणाले. मला वाटलं, ती देवाचा विषय काढून मला झापेल. मला तेच हवं होतं. भांडायची तयारी करूनच मी बसले होते.

ती भांडली नाही. पदर बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "तुका पण देत होतंय ना गो मी? परीक्षेक जाताना?"

देत होती. पहिलीपासून कॉलेज संपेपर्यंत, दारात उभी राहून, स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवून. नको म्हटलं तर रागवायची.

टॉवर, मंडळ, गिरणी, कुणालाही न घाबरता खरं ते लिहिणारी मी म्हणाले, "नाय गो आये. ती पानं देवळातल्या तुळशीची असायची. तू विसरलीस."

आई काही विसरत नाही.

"असात, मीच इसारलंय," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.