कोल्हापूर साब आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड

फुटबॉलचे सामने चालू असले की काका अगदी गरीब असत. सामने संपले, पाऊस लागला, मैदान रिकामं पडलं की त्यांचा पारा चढायला लागे. लोकांना खेळ बघताना राग येतो, काकांना तो खेळ बंद असताना यायचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या मार्केटात हे सगळ्यांना पाठ झालं होतं. जुलै-ऑगस्टात त्यांना कुणी "कैसे हो साबजी" असं विचारत नसे. कारण विचारलं की ते खरंच सांगत बसत.

काका केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. ऐन तरुणपणी दिल्लीला आले ते इथलेच झाले. पण माणूस मुळात कोल्हापूरचा. तिथं पेठापेठांतून तालमी आणि तालमींचे फुटबॉलचे संघ. काका वरच्या तालमीचे. खालची तालीम एक गल्ली ओलांडली की लागायची आणि ती जन्माची वैरी. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे ते उन्हाळ्यापर्यंत. मग पावसाळाभर या तालमीचे खेळाडू त्या तालमीने फोडायचे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या तालमीची कमिटी मैदानात कधीच हरली नाही, ती दर वर्षी पावसाळ्यातच हरायची. मार्केटात त्यांना 'कोल्हापूर साब' म्हणत. त्यांचं खरं आडनाव गुलशन फळवाल्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मी परभणीकडची. नववीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि दिल्लीला आले. आमचे हे महाराष्ट्र सरकारच्या अतिथीगृहात स्वयंपाकी. तेव्हा एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली लागत होत्या. आमच्या मार्केटातल्या बूथवर बसायला मालकाला बाईमाणूस हवं होतं, मराठी म्हणून ओळख झालेल्या काकांनी माझं नाव सांगितलं. पहिले काही दिवस मला नुसती धास्ती. नंबर चुकला तर, मीटर बंद पडलं तर, कुणी हिंदीत ओरडलं तर. काका समोर येऊन बसायचे. म्हणायचे, "पोरी, समोरचा माणूस तुझ्याहून जास्त घाबरलेला असतो. त्याच्या घरचं कुणीतरी आजारी असतं नाहीतर त्याचे पैसे अडकलेले असतात. तू फक्त 'हां जी, बोलिए' म्हण आणि गप्प बस." शाळेत मला जे आलं नाही ते एवढ्या तीन वाक्यांत आलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांचा फोन रविवारी सकाळी, तालमीशेजारच्या दत्ता चहावाल्याला. ऑफिसात इंग्रजी, मार्केटात हिंदी, घरात पुणेरी वळणाची मराठी बोलणारा हा माणूस केबिनमध्ये शिरला की पक्का पेठेतला होऊन जायचा. शिवाय एक खोड. दत्ता जे सांगेल ते स्वतः मोठ्यानं परत म्हणायचं. त्यामुळे केबिनचं दार लावूनही काही उपयोग नसे. कोल्हापुरातल्या एका गल्लीची बातमी दिल्लीच्या एका सेक्टरला त्याच मिनिटाला कळायची.

"काय म्हंतोस दत्ता? गोलकीपर सोडला? आनि त्याच्या जागी काय घेतलं? साउंड सिस्टीम?" काका केबिनमध्ये उभे राहिले. "आरं साउंड सिस्टीम गोल आडवनार हाय का?"

बाहेर आल्यावर त्यांनी गुलशनला ते हिंदीत समजावून सांगितलं. गुलशन विचार करून म्हणाला, "साबजी, आवाज़ बड़ी हो तो सामनेवाला डर तो जाता है." काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्या साली साउंड सिस्टीम भलतीच चांगली निघाली, असं दत्तानं पुढे कळवलं. प्रत्येक सामना हरल्यावर फार सुंदर गाणी लागायची.

पण गुलशनशिवाय त्यांचं चालतही नसे, कारण संघाची मांडणी करून दाखवायला गाडी त्याचीच होती. मागे चार नाशपाती, मधे मोसंबी, पुढे एकटं लालभडक सफरचंद. "ये सेब पिंट्या है. सेंटर फॉरवर्ड. इसको बॉल चाहिए बस." समजावता समजावता काका मोसंबी पुढे सरकवत होते, तेवढ्यात एक बाई आल्या आणि सफरचंद उचलून पिशवीत टाकलं. गुलशननं ते तोललंसुद्धा. काका म्हणाले, "अरे, पिंट्या को बेच दिया?" गुलशन म्हणाला, "साबजी, आप बातें करो, मुझे घर भी चलाना है."

काकूंना यातलं काही खपत नसे. त्या दिल्लीतच वाढलेल्या. म्हणायच्या, "बिल्कुल वेडे आहेत. साखरपुड्याला मला विचारलं, तुला ऑफसाइड कळतं का. मी म्हटलं, तुम्ही समजावा. अजून समजावतायत, यार." नोएडाला फ्लॅट बुक करायचं काकूंचं चाललं होतं. काका त्यावर नेहमीचं एकच उत्तर द्यायचे, "रिटायर झालो की मी पेठेत जाणार. तुम्ही बघा तुमचं." हे ते इतक्या वर्षांपासून म्हणत होते की काकू त्या वेळी भाजी निवडणंसुद्धा थांबवत नसत.

आता या पिंट्याचं सांगते. तो काकांच्या गल्लीतला, विधवा आईचा एकुलता एक. लहान असताना अनवाणी खेळायचा. एका वर्षी काका सुटीवर गेले तेव्हा त्यांनी त्याला पाहिलं आणि तेव्हापासून बूट दिल्लीहून पाठवायला लागले. आमच्या ह्यांच्या ओळखीनं अतिथीगृहात उतरलेल्या एखाद्या कोल्हापूरकराच्या गळ्यात ते खोकं पडायचं. काहीजण मंत्रालयाचं काम घेऊन आलेले असत आणि जाताना बगलेत फुटबॉलचे बूट घेऊन जात. काकांचं सगळं या पोरावर होतं. "बाकी कमिटी काय वाट्टेल ते करू दे, पिंट्या राहिला की तालीम राहिली," असं ते म्हणायचे.

एका पावसाळ्यात दत्तानं सांगितलं की पिंट्या खालच्या तालमीत चाललाय. त्यांचा जो पुढारी होता त्याची फाउंड्री होती, तिथं त्याला नोकरी मिळणार होती. काकांनी पुढच्या रविवारी पिंट्यालाच फोनवर बोलावून ठेवलं. सकाळपासून मार्केटात चुळबुळ. गुलशननं गाडी बूथच्या दाराशी आणून लावली. मला वाटत होतं, काका रागावून काहीबाही बोलतील आणि पोरगं कायमचं तुटेल. मीच देवाचं नाव घेत नंबर फिरवला.

"पिंट्या, आरं हे काय ऐकतोय मी? काय? फाउंड्रीत नोकरी? नोकरीचं मी बघतो की. काय? कवा बघनार म्हंतोस? आरं कमिटीशी बोलतो. काय? कमिटी फोन उचलत न्हाय? बरं, ते ऱ्हाऊ दे. पेठ आई असती लेका. आईला सोडून कोन जातं?"

यावर पलीकडून पिंट्या काहीतरी म्हणाला. काकांनी ते परत म्हटलं नाही. रिसीव्हर कानाला तसाच. मीटर पळत होतं. मग त्यांनी हळूच फोन ठेवला, बाहेर आले. गुलशननं विचारलं, "क्या बोला?" काका म्हणाले, "लाइन कट गई."

लाइन काही कटली नव्हती, मला मशीनवर दिसत होतं. मी बिल फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर कितीतरी रविवार ते आलेच नाहीत. मार्केटाला चैन पडेना. गुलशन मला म्हणायचा, "भाभी, तुम ही लगा लो कोल्हापूर, पता तो चले." शेवटी एका संध्याकाळी काका ऑफिसातून येताना बूथवर थांबले आणि स्टुलावर बसून आपणहून म्हणाले, "त्या दिवशी काय म्हणाला सांगू? म्हणाला, काका, तुमी पेठ सोडून पार दिल्लीला गेलासा. मी फकस्त पलीकडच्या गल्लीत निघालोय."

मी त्यांना चहा मागवू का म्हटलं.

"चुकीचं काहीच बोललं नाही पोरगं," काका म्हणाले. "मला पण नोकरीच पाहिजे होती. तेव्हा स्टेशनवर कुणी आडवं आलं नाही म्हणून बरं."

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. वरची विरुद्ध खालची लढत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. काका आले, केबिनमध्ये शिरले, आणि दत्ताचं बोलणं पुन्हा मोठ्यानं म्हणायला लागले. मला इतकं बरं वाटलं. "हरलो? एक-शून्य? कुनी मारला?" मग, "कुठल्या पायानं?" बाहेर आले तर गुलशन वाट बघत होता. "किसने मारा, साबजी?"

"अपने पिंट्या ने," काका म्हणाले. "बाएं पैर से. बचपन से बोल रहा था मैं उसको, बायां इस्तेमाल कर. अब जाके सुना गधे ने." एवढं म्हणून त्यांनी आपणहून सफरचंदं घेतली. ती भाव न करता घेतली म्हणून गुलशन बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

त्याच सुमाराला मला गुडगावच्या एका नव्या कंपनीत टेलिफोनवर बसायचं काम चालून आलं होतं. मालकाला कसं सांगायचं या काळजीनं मला जेवण जाईना. काकांनी चेहरा बघूनच ओळखलं आणि स्वतः मालकाकडे गेले. मालक म्हणाला, "साबजी, आप ही लाए थे, आप ही ले जा रहे हो." काका म्हणाले, "लाया था, बांधके थोड़ी रखा था." मुलांचं शिक्षण, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या कामावर झालं.

काका रिटायर झाले आणि नोएडाच्या फ्लॅटवर गेले. पेठेत नाही गेले. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढे बूथ उठला, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. पण काकांचे कान गेले. फोनवर त्यांना एक अक्षर ऐकू येईना. तेव्हापासून पावसाळ्यात दत्ताला मीच फोन करते आणि रविवारी नोएडाला जाऊन काकांना सगळं ओरडून सांगते. मी आजवर फुटबॉलचा एक सामना पाहिलेला नाही की कोल्हापूरही पाहिलेलं नाही. पण कमिटीनं काय घाण केली हे मला बरोबर कळतं आणि खरं सांगते, रागही येतो.

मागच्या पावसाळ्यात वरच्या तालमीचा डावा बॅक गेला. चांगला होता. कसं सांगावं याचा मी मेट्रोत बसून विचार करत होते. काकू म्हणाल्या, "सांगून टाक, अच्छा आहे, थोडं ओरडतील, भूक लागेल." मी काकांच्या कानाशी वाकून ओरडले, "काका, डावा बॅक गेला. पुण्याला. कंपनीत लागला."

 काकांनी विचारलं, "पर्मनंट?"

मी मान हलवली.

"मग बरं झालं," ते म्हणाले. उठून खिडकीपाशी गेले. आणि मग एकदम माझ्याकडे वळून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "पन त्या बिनडोक कमिटीला इचार की, आता डावीकडनं कोन पळनार हाय?"